मोठीची अक्कल

जाऊबाई,

मी पत्र लिहून राह्यली हे पाहून तुमी हासत असान. सातवीतूनच शाळा सुटली माही, चुका मोजू नका. पण काल घरात झालं थे तुमाले सांगतल्याबिगर घास उतरून नाही राह्यला.

कावीळ होऊन तुमी गेल्या, त्याले दोन वर्सं झाले. तरी ह्या घरात अक्कल म्हटलं की तुमचंच नाव! वरणात मीठ जास्त पडलं, 'मोठीले अंदाज होता.' पाव्हण्यासंगं मी बोलली, 'मोठीले समजे कवा बोलाव.' तुमच्या फोटोले रोज फूल वाहतो अन् मनातून जळतो. खोटं कायले बोलू?

काल सकाळी माही सा महिन्याची परी रडून रडून काळीनिळी पडली. पोट टम्म फुगलं. घरात बाप्या माणूस नाही. सासूबाईनं बिब्बा सुईले टोचून दिव्यावर धरला, तेल सुटलं.

"पोटावर फुली मार! मोठी असती तं कवाचीच मोकळी झाली असती. तुले अक्कलच नाही!"

सांगू? पोरीसाठी नाही, तुमची बरोबरी कराले मी थे सुई घेतली.

ओट्यावर चुडीवाली खाला बसली होती. म्हणे, "अम्मा, अक्कल अक्कल करून राह्यली, थे आली कुठून मालूम हाय का? माहे अब्बा अरबी शिकवत. म्हणत, उंटाचा पाय बांधाची दोरी अन् अक्कल, दोघी एकाच घरच्या. मेंढरंवाले आपल्या वावरात येते, उंटाचा पाय मुडपून बांधते, पाह्यलं ना? तसं मनाले जागीच थांबवते, थे अक्कल."

सासूबाई भडकल्या, "माही मोठी काय उंट होती?"

खाला हासली. मी थांबली. तेवढ्यात तुमची पूनम परीले उगी कराले आली, उघड्या पोटानं. बेंबीजवळचा थो काळा डाग! तुमीच मले विहिरीवर सांगतलं होतं, "सासूच्या धाकानं लावला वं बिब्बा. कातडं सोललं पोरीचं. कोणाले सांगजो नको."

मी सुई खाली ठेवली. परीले पदरात घेतलं, ऑटोनं मेडशीले दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाई म्हणे, पोटात गॅस धरला, औषध देतो, पण उलटी झाली तं लगेच आण. संध्याकाळी परी दूध पेली. तरी घडीघडी तिच्या पोटाले हात लावून पाह्यतो. भेव जात नाही.

अन् सासूबाई शेजारणीले काय म्हणाव्या? "मोठीच आली वाटते हिच्या आंगात!"

म्हंजे मी केलं थेबी तुमचंच? एक गोष्ट तं माह्या वाट्याले ठेवाची, जाऊबाई! सासूबाईले सांगाचं जिभेवर आलं होतं, 'तुमची मोठीबी चुकली होती.' गिळलं.

तुमीबी इतक्या भेत होत्या, तं मले जवळ काहून नाही बसवलं? दोघी मिळून भेलो असतो.

एक कबूल करतो. पूनमच्या पोटावर काय हाय असं कोणी विचारलं तं जन्माची खूण सांगीन. तुमी ह्या घरात शहाण्याच राहा. पण माह्या परीले बिब्बा लागू देणार नाही. तुमचं नाव घेऊन कोणी आलं तरीबी नाही.

तुमच्यावर जळणारी,
लहानी