तेवीस नंबरचं डावं फुफ्फुस

३ मार्च, सोमवार
आजपासून रोजनिशी. प्रगतीची नोंद असावी म्हणून. रडगाणं लिहायचं नाही.

सद्यस्थिती: उंदराचं डावं फुफ्फुस काढून तिथे दुसऱ्या उंदराचं बसवणं. आतापर्यंत वीस झाले. वीसही गेले. पद्धत बरोबर आहे, माझे हात स्थिर आहेत. उंदीर कमी पडतात.

सरांनी बोलावलं. महिनाअखेरपर्यंत एक तरी चालणारं फुफ्फुस दाखव, म्हणाले, नाहीतर ऑपरेशनं शिंपी करील आणि तू उंदरांची वजनं घे. शिंपी म्हणजे रक्तवाहिन्यांचा सर्जन, हॉस्पिटलातून आमच्या लॅबमध्ये आलेला. टाके घालताना गुणगुणतो. मी सरांना चालेल म्हटलं. तशी वेळ येणारच नाही, तर वाद कशाला?

संकल्प: ऑपरेशनच्या दिवशी कॉफी बंद.

६ मार्च, गुरुवार
एकविसावा टेबलावरच गेला. फुफ्फुसातून रक्त परत नेणारी शीर कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. ती प्लॅस्टिकच्या इवल्याशा कड्यातून ओवायची, शर्टाच्या बाहीसारखी उलटी दुमडायची, मग दुसऱ्या उंदराच्या शिरेत सरकवून वरून दोरा आवळायचा. मी सगळं बरोबर केलं. पण एसीचा झोत थेट माझ्या मनगटावर येतो. तक्रार दिली आहे.

शिंपी म्हणाला, शीर कापायच्या आधी तिच्यावर पेनाने एक ठिपका दे गं, ओवताना पीळ पडला तर लगेच दिसतो. ज्यांचा स्वतःच्या नजरेवर भरवसा नाही त्यांनी ठिपके द्यावेत.

कॉफी एकच. तीही सकाळची, म्हणजे धरायची नाही.

११ मार्च, मंगळवार
बाविसावाही गेला. दात्या उंदराला चरबी फार होती.

शिंप्याचा उंदीर मात्र जगला. तो पिंजरा घेऊन लॅबभर मिरवत होता. मी सगळ्यांसमोर सांगितलं, जगला म्हणजे जमलं असं नव्हे. उंदीर नुसत्या उजव्या फुफ्फुसावरही मजेत जगतो. आधी एक्स-रे काढ. त्याने काढला. डावी बाजू पांढरीफटक, म्हणजे फुफ्फुस मेलेलं. बरं झालं बोललीस, म्हणाला, नाहीतर मी आठवडाभर नाचत राहिलो असतो. काही माणसांना मूलभूत गोष्टीही सांगाव्या लागतात.

आईचा फोन. उंदीर मारायचं औषध कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, त्यासाठी तुला एवढं शिकवलं का, असं विचारत होती. मी शांतपणे फोन ठेवला. त्यानंतर बराच वेळ हात थरथरत होते. रागाने. कॉफीने नव्हे.

१७ मार्च, सोमवार
तेवीस जगला!

भूल उतरल्यावर उठून बसला. मिशा साफ केल्या. माझ्याकडे बघितलं. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं. उंदरांची ॲलर्जी असणार. डॉक्टरला दाखवायला हवं.

शिंप्याच्या पुढच्या उंदराचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणे. नशीब असतं एकेकाचं.

१९ मार्च, बुधवार
तेवीस खातो, पितो, पिंजऱ्याच्या जाळीवर चढतो. सरांना मेल केली. विषय: यश.

शिंप्याने विचारलं, मग एक्स-रे कधी? त्याला समजावलं की एक्स-रेसाठी पुन्हा भूल द्यावी लागेल आणि ते पेशंटच्या हिताचं नाही. तो म्हणाला, हं. नुसतं हं. माणसाची असूया किती कमी शब्दांत दिसते.

आईला सांगितलं. आईने मावशीला, मावशीने अख्ख्या गोतावळ्याला. आता मामा विचारतोय की त्याच्या दम्यावर काही होईल का.

उंदरांना नावं द्यायची नाहीत असा माझा नियम आहे. तेवीस हे नाव नाही, नंबर आहे. मी त्याला अहो-जाहो करते ते केवळ शिस्त म्हणून.

२४ मार्च, सोमवार
एक्स-रे मशीन दिवसभर मोकळं होतं. अहोंची झोप मोडायला नको म्हणून गेले नाही.

त्यांचं वजन वाढलं आहे. मेलेलं फुफ्फुस घेऊन कुणाचं वजन वाढतं का? प्रश्न बिनतोड आहे. ११ तारखेला मी जे बोलले ते वेगळ्या उंदराबद्दल होतं.

२७ मार्च, गुरुवार
सरांनी सोमवार ठरवला. छाती उघडून सगळ्यांसमोर बघायचं.

दिवसभर काही गिळलं नाही. पिंजऱ्यापुढे स्टूल ओढून बसले आणि त्याच्या डाव्या कुशीकडे बघत राहिले. हलते आहे. दोन्ही कुशी हलतात. डावी किंचित कमी, पण ते मी बसले त्या कोनामुळे. बाजू बदलून बसले. कोन तोच राहिला.

मला दुसरं काही येत नाही. हे रडगाणं नाही, माहिती आहे.

कॉफी मोजणं बंद.

३१ मार्च, सोमवार
भूल मीच दिली. छाती सरांनी उघडली.

मी बसवलेलं फुफ्फुस यकृतासारखं झालं होतं. काळपट, घट्ट. शिरेला पिळलेल्या टॉवेलसारखा पीळ. रक्त आत गेलं, बाहेर यायला वाट नव्हती. पहिल्या दिवसापासून.

एसी बंद होता.

सरांनी ग्लोव्हज काढले. उजवं फुफ्फुस सुरेख आहे, म्हणाले. शिंपी गुणगुणत नव्हता. माझेही असेच गेले गं, म्हणाला. त्याच्या खिशाला ते पेन होतं. मला अगदी स्पष्ट दिसत होतं. नजर माझी चांगलीच आहे.

१ एप्रिल, मंगळवार
सकाळी वजनं घेतली. दुपारी शिंप्याच्या उंदरांची वजनं घेतली.

आईचा फोन. तुझा तो उंदीर कसा आहे, मावशी विचारतेय. म्हटलं, गेला. अगं बाई, कशाने? म्हटलं, कशानेच नाही. त्याला आम्हीच कायमचं झोपवलं. मेलं होतं ते फक्त मी घातलेलं. आई म्हणाली, अगं, मग इतके दिवस तो जगला कसा?

म्हटलं, मला न जुमानता.

दोन कॉफ्या झाल्या. आज ऑपरेशन नाही. हात अजिबात थरथरले नाहीत.