नव्वद दिवसांचं कॅव्हेट

आबा,

कॅव्हेट हा शब्द मी कोर्टात नाही, आपल्या स्वयंपाकघरात शिकले. तुम्ही रत्नागिरीच्या कोर्टात वकिलांचे कारकून, त्यामुळे तिथले शब्द रिकाम्या डब्याबरोबर घरी यायचे. आई आंबे कापायला बसली की भाऊ बाठ्यावर झडप घालायचा, आणि तुम्ही पेपरातून डोकं न काढता माझ्याकडे बोट करून म्हणायचात, "थांब रे, त्या बाठ्यावर हिचं कॅव्हेट आहे." म्हणजे काय, असं एकदा विचारलं. "लॅटिन शब्द गो. त्याने सावध राहावं, एवढाच मूळ अर्थ. कोर्टात त्याचा कागद होतो. मला ऐकल्याशिवाय समोरच्याला हुकूम देऊ नका, असं आधीच सांगून ठेवायचं." पुढे कॉलेजात इंग्रजीच्या सरांनी त्याचा अर्थ 'पण' असा सांगितला. मुलगी हुशार आहे, पण. तो अर्थ मला घरातूनच पाठ होता.

अठ्ठ्याण्णवला लग्न होऊन मी खेडला आले. चारेक वर्षांनी कळलं, आजोबांची आंब्याची कलमं तुम्ही एकट्या भावाच्या नावे करायला घेतली आहेत. कळलं तेही माहेरच्या शेजारणीकडून. मागोमाग रजिस्टरचं पाकीट आलं. तुम्ही माझ्याविरुद्ध कॅव्हेट दाखल केलं होतंत. पोटच्या मुलीने दावा लावलाच, तर तुम्हाला ऐकल्याशिवाय कोर्टाने मनाईहुकूम देऊ नये. पत्ता तुमच्या अक्षरात, पिनकोडखाली दोन रेघा. आत फक्त नोटीस. 'कशी आहेस' एवढंही नाही.

कॅव्हेट नव्वद दिवस टिकतं. मुदत विसरणाऱ्या पक्षकारांना तुम्ही जन्मभर हसलात, तेव्हा तुम्ही कसले विसरताय. दर तीन महिन्यांनी पोस्टमन दारात उभा. "ताई, वडलांचं रजिस्टर. माया आहे हो म्हाताऱ्याची." मी सही करते, पोचपावतीचं कार्ड त्याच्या हातात देते आणि आत जाऊन भांडी आपटते. ते कार्ड तुमच्याकडे परत जायचं. आपला पत्रव्यवहार तेवढाच. दिवाळीला कधी दोन ओळी आल्या नाहीत तुमच्या. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

सहा पाकिटं आली. सातव्याच्या आधी तुम्ही गेलात. तेरावं झाल्यावर भावाने हक्कसोडीचा कागद पुढे केला. आई म्हणाली, "कर गो बाय सही, नायतर माहेर तुटेल." मी केली. तेव्हापासून वीस वर्षं मी एकच वाक्य सगळ्यांना ऐकवत आले आहे: आबांनी नुसतं विचारलं असतं, तर मी हसत दिलं असतं. आई असेपर्यंत ते ऐकून डोळे पुसायची. भाऊ अजून मान खाली घालतो.

हा कागद मी तुमच्या सहाव्या पाकिटात घालून ठेवणार आहे, कोणी वाचणार नाही, तर इथे तरी खरं लिहिते. तुमचं पहिलं पाकीट आलं, त्याच्या आठच दिवस आधी मी खेडच्या एका वकिलांकडे जाऊन मनाईहुकूम कसा मिळतो ते विचारून आले होते. घरात कुणाला बोलले नव्हते. तुम्ही मात्र मला ओळखून होतात.