डिसेंबरातला मोगरा

३ डिसेंबर
आलो एकदाचा. खोली झकास आहे. मोठी खिडकी, खाली बाग, बागेत मोगऱ्याची झुडपं. सध्या नुसत्या काड्या. घरमालकीणबाई एकट्याच राहतात. एका वाक्याची गोष्ट सांगायला त्यांना अख्खा चहा पुरत नाही. कॉलेज बेताचं, प्राचार्य त्याहून बेताचे. इथे उपप्राचार्य म्हणून चमकायला फारसं काही करावं लागणार नाही. मन प्रसन्न आहे.

८ डिसेंबर
सकाळी खिडकी उघडली तर वासच वास. या कडाक्याच्या थंडीत मोगरा फुललाय. तोही फक्त माझ्या खिडकीखालचा, बाकी झुडपांना पानसुद्धा नाही. मालकीणबाईंना दाखवलं, तर हातातली बादली ठेवून त्या पायरीवर बसल्याच. यांच्या वेळीही अस्साच फुलला होता, म्हणाल्या. यांच्या म्हणजे नवऱ्याच्या. फुलं गळली त्याच दिवशी ते गेले म्हणे. मी म्हटलं, बाई, हवामान बिघडलंय. त्यांनी मान डोलावली आणि डोळे पुसले. वयानं वाढतात, अकलेनं नाही.

१० डिसेंबर
गल्लीभर बातमी झालीय. शेजारचे निवृत्त डॉक्टर येऊन बराच वेळ माझा हात धरून बसले. मला वाटलं नाडी बघताहेत, पण नुसताच धरला होता. त्रास होणार नाही, एवढंच म्हणाले. चार बुकं शिकलेला माणूस! न्हाव्यानं दाढी इतकी हळुवार केली की मला खुर्चीतच डुलकी लागली. कॉलेजात प्राचार्यांनी माझे तास परस्पर दुसऱ्याला दिले, वर आराम करा म्हणाले. शिपायानं दारावरची माझ्या नावाची पाटी काढली, लखलखीत पुसली आणि मला आणून दिली. घरच्यांना आठवण म्हणून बरी पडते म्हणे. येडपटांचा बाजार आहे नुसता.

१२ डिसेंबर
आज झुडूप बुंध्यापर्यंत छाटलं. मालकीणबाई दारातून बघत होत्या. अडवलं नाही, उलट हाताला लागेल म्हणून मोजे आणून दिले. शिव्या परवडल्या असत्या. ही दया अंगावर पालीसारखी पडते.

१३ डिसेंबर
बुंध्यावर फुलं आहेत. पान नाही, फांदी नाही, उघड्या लाकडातून फुलं. काल काहीच नव्हतं तिथे. काहीतरी शास्त्रीय कारण असणार.
बॅग भरली होती. मग रिकामी केली. मी निघालो तर ही माणसं मान हलवून एकमेकांना सांगतील की बघा, घाबरला. यांच्यापुढे पळ काढायचा? मी? नाही जाणार.

१४ डिसेंबर
ताई आली. मी कळवलंच नव्हतं. मालकीणबाईंनी फोन केला म्हणे. फाटकाशी उभी राहून ती आधी त्या बुंध्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. मी इथल्या एकेकाची नक्कल करून दाखवली. एरवी पोट धरून हसते. आज हसली नाही. माझे शर्ट घड्या घालून पिशवीत भरत बसली. मी म्हटलं, तुझीही अक्कल गहाण पडली का. ती म्हणाली, "जेवून घे राजा."
अंगणात खुर्च्या मांडताहेत.

१५ डिसेंबर
फुलं गळायला लागलीत. मी ठणठणीत आहे. दोनदा चहा घेतला. छातीत काही नाही, डोकं स्वच्छ. फक्त बोटं गार — थंडी आहे, दुसरं काय.

ताई खाली सांगत होती, तोंडानं फटकळ, पण मनानं वाईट नव्हता. नव्हता — मी जिन्यातून ओरडलो, मी इथे आहे. खुर्च्यांवरच्या एकानंही वर पाहिलं नाही. मुद्दाम करताहेत. गावंढळ लेकाचे —

दुपार
एकच फूल राहिलंय.

सगळे वर आलेत. दार न वाजवता. डॉक्टर, मालकीणबाई, ताई. मी इथे टेबलाशी, डोळ्यांसमोर, लिहितोय — माझ्याकडे कुणी बघत नाही. पलंगाभोवती उभे आहेत.
ताई वाकलीय. कपाळावरचे केस मागे सारतेय, राजा म्हणतेय — कुणाला —
हाक मारली तिला. पुन्हा मारली. ताई, मी इकडे —
डॉक्टर घड्याळ बघताहेत. पांघरूण वर ओढताहेत. मला नीट दिसत नाही, मधे सगळे — आता सरकले — तो चेहरा तर —