रबराचं गांडूळ आणि लाल पिल्लं

१२ जुलै
पार्सल आलं! रबराची दहा गांडुळं – जांभळी, शेपटीला मुरड. बाबा एक बोटांत फिरवत राहिले. "हे खाईन मरळ? तिले का डोळे नाईत?"

बाबांचा खांदा गेल्यापासून जाळं भिंतीलाच आहे. मच्छी सोसायटीत त्यांच्या जागी माझं नाव लागावं, असा अर्ज दिलाय. अध्यक्ष जंगूभाऊ हसले. "बी.ए. झाली न तू? पह्यले आपल्या तळ्यातली एक मरळ तं आणून दाखव." जाळं मला फेकता येत नाही. म्हणून ही गळाची काठी, हे रबर.

१५ जुलै
दिवसभर कमळाचे देठ पकडले. मरळ नाही.

१६ जुलै
चूक कळली! गळाचं टोक उघडं ठेवत होते. ते गांडुळाच्या नाकातून घालायचं, जरा खाली बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक परत त्याच्याच पोटात लपवायचं. मग गांडूळ देठांमधून सरपटत येतं, अडकत नाही. मासा चावला की रबर दबतं, टोक बाहेर येतं. पण सरळ बसायला हवं, नाहीतर पाण्यात गरगरतं. माझी चार वाकडी गेली. बाबांचं पहिलंच सरळ!

पाणी इतकं निवांत होतं, वाटलं ढगांतूनच गांडूळ ओढतेय.

२० जुलै
मिळाली! पाण्यावर लाल ठिपक्यांचा थवा तरंगत होता, पळसाची फुलं चुरून टाकल्यासारखा. किती सुंदर! त्याच्यातूनच गांडूळ ओढलं आणि काठी वाकली. अडीच किलोची मरळ. धावत सोसायटीत नेली.

जंगूभाऊंनी ती उलटून पाहिली – "कुठी लागली?" सांगितलं. "ते लाल म्हंजे तिचे पिल्लं होते, बाई."

पिल्लं राखणारी मरळ आमच्याकडे कोणी धरत नाही. मासे धरणाऱ्या सगळ्या ढिवरांना ठाऊक. मला नाही. आमच्यात बाया डोंग्यात बसून तळ्यात जात नाहीत, आणि मी तर गोंडपिपरीला होस्टेलवर.

मरळ शेजारी देऊन टाकली. जेवले नाही.

२१ जुलै
रीत अशी – ज्यानं मरळ धरली, त्यानं पिल्लं राखायची. पांगेपर्यंत. "जगले तं तुया अर्ज पाहू," जंगूभाऊ म्हणाले.

२२ जुलै
सकाळपासून बांबू घेऊन काठावर. बगळे सोळा वेळा हाकलले.

२६ जुलै
कमलाकाकू धुणं घेऊन आली. "एवढी शिकली न बगळे हाकून राह्यली!" हसू आलं, मग रडू.

दुपारी डोळा लागला. पिल्लं माझ्या ओंजळीत श्वास घ्यायला वर येत होती, एकेक करून. जागी झाले तर पाण्यावर तसेच बारीक बुडबुडे. सगळी होती.

३० जुलै
अर्ज, सोसायटी – बसल्यावर काही आठवत नाही. फक्त थवा. तो सरकला की मीही काठानं सरकते.

३ ऑगस्ट
पिल्लं बोटाएवढी. लाल रंग उतरून काळपट होतायत. आज गंमत म्हणून बिनगळाचं गांडूळ त्यांच्याजवळ टाकलं. पाणी खालून फुगलं – आणि धाडकन् गांडूळ गेलं! पिल्लं जराही घाबरली नाहीत.

दुसरी मरळ! त्यांचा बाप. तो पहिल्यापासून तिथंच असणार. मग मी तेरा दिवस काय राखलं?

४ ऑगस्ट
बाबांना विचारलं. "दोघंबी राखतेत. सगळ्याइले ठाऊक हाय."
"मग मले काऊन नाई सांगितलं?"
"सांगतलो असतो तं तू घरी येऊन बसली असती. जंगूभाऊनं काल सभेत तुयं नाव लावलं." मग हळूच – "आता नवीन कोणी आलं, तं तूबी सांगू नोको."