सोनगीरचं स्थळ

आदरणीय अक्का,

सप्रेम जय भीम. तुझे गुडघे, भाऊजींची साखर आणि तुमच्या गल्लीतला नळ ही तिन्ही आपापल्या जागी ठीक असतील असं धरून चालतो. इकडे जळगावात मी आणि आई खुशाल आहोत. (खुशाल लिहिताना पेन अडखळलं, पण कागद वाया नको म्हणून राहू दिलं.)

तुझे फोन मी मुद्दामच उचलले नाहीत. फोनवर तू मध्येच विचारतेस, पत्रात तशी भीती नाही. मंगळवारी मी आईला घेऊन धुळ्याच्या स्टँडवर होतो, हे तुमच्या गल्लीतल्या रुपचंदनं तुला सांगितलं ते खरं आहे. त्याला पाहून मी तोंडासमोर पेपर धरला. आईनं मात्र त्याला हात केला. तुझ्याकडे जायचं ना, असं ती विचारत होती. अक्का लग्नाला गेली आहे, असं मी सांगितलं.

आम्ही सोनगीरला एक वृद्धाश्रम बघायला निघालो होतो. घे, लिहिला एकदाचा शब्द. मागच्या महिन्यात आई बाथरूममध्ये घसरली. माझी कंबर तुला माहीतच आहे. उचलायला गेलो आणि मीही तिच्याशेजारी बसलो. शेजारचा हिलाल येईपर्यंत दोघं मायलेक ओल्या फरशीवर. (तेवढ्या वेळात तिनं मला बाथरूमचे कोपरे किती घाण आहेत ते दाखवून दिलं.) माझा प्रशील पुण्याहून रोज फोन करतो, पण फोननं माणूस उचलता येत नाही. नव्वदीच्या आईला अडुसष्ट वर्षांचा मुलगा पुरा पडेना, एवढीच गोष्ट. पण ती तिच्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून सांगितलं की आपल्या प्रशीलच्या समीक्षासाठी स्थळ आलंय, घर बघून येऊ.

झालं. आईनं ठेवणीतलं लुगडं काढलं, आणि तिथं पोचल्यावर घर असं पाहिलं की सरकारी तपासणी बरी. पाणी कुठून येतं, पीठ कोण मळतं, भाकरी गरम मिळते की गार, सगळं विचारलं. व्यवस्थापक प्रमिलाबाईंना मी डोळ्यानं खूण केली, तर त्यांनी मला डोळ्यात घालायचे थेंब आणून दिले. मग मोठ्या खोलीत आईनं चौफेर खाटांवरच्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाली, “याठे तं बठ्ठ्या सासवाच शेतस. पोरगी कशी नांदी?” सगळ्या म्हाताऱ्या खूश होऊन हसल्या. मी प्रमिलाबाईंबरोबर ऑफिसात सटकलो. परत आलो तर आई पोहे खात बसलेली, आणि नवरामुलगा दाखवा म्हणून हटून बसली. मी त्याला नाशिकला ड्युटीवर पाठवला. तिथं पगार किती, मामा कोण, हे ती विचारत गेली आणि मी घामाघूम होत सांगत गेलो.

परतीच्या बसनं पारोळा गाठलं. तेव्हा आई म्हणाली की तू ऑफिसात होतास तेव्हा एका म्हातारीनं मला विचारलं, तुमची खाट कोणती. म्हणजे नवरामुलगा मागितला तो सगळं कळल्यावर. अक्का, बसमध्ये कंबर दुखत होती तरी मी उठून उभा राहिलो. तिच्याशेजारी बसवेना.

तिनं हात धरून खाली बसवलं. “घर चांगलं शे. समीक्षाले नको, ती शिकी राह्यनी. माले चाली. पन नवी नवरी एखली नही जास, पाठराखीन लागस. तू चाल.”

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तुझा धाकटा,
यादव

ता. क. प्रमिलाबाईंना विचारलं. तिथं पुरुषांना राहता येत नाही. म्हणून खरं काम असं की पाठराखीण म्हणून आठ दिवस तू येशील का? भाऊजींच्या जेवणाचं मी धुळ्याला येऊन बघतो. (वरण मला बरं जमतं.)

ता. क. २. पत्र आईला वाचून दाखवलं. ती म्हणते, पाठराखीण परत येताना नवरीला माहेरपणाला सोबत घेऊनच येते, हे यादवच्या ध्यानात नाही. खरंच नव्हतं. तिची इथली खाट मी हिलालला देऊन टाकायचं कबूल केलं होतं. आत्ताच जाऊन त्याला नाही म्हणून आलो.