कार्डाच्या मागची बाजू

सोमवार, ३ जून

आज 'पिक अप' माझ्या टेबलावर आलं. एकवीस अर्थ! एवढंसं क्रियापद आणि केवढा हा पसारा. आमच्या इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या मुख्य संपादिका – पाठीमागे सगळे त्यांना 'पूर्णविराम' म्हणतात, त्यांच्यापुढे बोलणं संपतंच – गठ्ठा ठेवून म्हणाल्या, "पंधरा दिवसांत द्या. आणि घरी बसून रचलेली वाक्यं नकोत."

नियम जुनाच. वर इंग्रजी अर्थ, खाली त्या अर्थाचं मराठी वाक्य, कुणाच्या तरी तोंडून खरंच ऐकलेलं. मागच्या बाजूला – कोण बोललं, कुणाशी, कुठे, कधी. अठ्ठावीस वर्षं खिशात कोरी कार्डं घेऊन हिंडतोय. घरातही ओट्याशेजारी एक गठ्ठा असतो, कधीमधी बायकोही लिहून ठेवते. माझ्याशी लग्न केलं, भोगतेय बिचारी.

संध्याकाळी लेकीला फोन केला. उचलला नाही. चौदा महिने झाले.

मंगळवार, ४ जून

चार अर्थ मार्गी लागले. न्हावी म्हणाला, "धंद्यानं आता कुठं उचल खाल्लीय." लगेच लिहून घेतलं. तो हसला – "साहेब, दाढी अर्धी राहिलीय, आधी ती होऊ द्या की!" ऑफिसच्या वॉचमनला चार भाषा येतात. कुठे शिकलास विचारलं, तर म्हणे, "शिकतोय कुठला, कानावर पडून पडून आल्या." हेही 'पिक अप'च. बसमध्ये एक आई पोराला दटावत होती, "शाळेतून खोकला घेऊन आलास ना!" तेही!

वाक्यं मिळाली की पूर्वी चार दिवस खुशीत असायचो. आता नाही होत तसं.

शुक्रवार, ७ जून

आज आठवा अर्थ. फोन उचलणे. शेजारच्या टेबलावरचा म्हणाला, "याला काय लागतंय, हे तर रोजचं!" हो बाबा, रोजचंच.

शेवटी लिहिलं – 'ती माझा फोन उचलत नाही.' कोण बोललं – मी. कुणाशी – तिथे पेन अडलं. कुणाशीच नाही. पूर्णविरामबाईंनी कार्ड परत केलं. "ऐकणारा कोण ते लिहा. ऐकणाऱ्याशिवाय वाक्य धरत नाही आपण." बाईंचं चुकलं नाही. पण बाथरूममध्ये जाऊन तोंड धुऊन यावं लागलं.

सोमवार, १० जून

कुणाला सांगितलं नाही ते निदान इथे लिहितो.

चौदा महिन्यांपूर्वी, त्या दिवशी लेक सकाळी आली. स्वयंपाकघराच्या दारात उभी. लग्न ठरवलं होतं तिनं, आपलं आपणच. रडत होती. म्हणाली, "बाबा, पाण्यात पडलेय ना, आता पोहेनच. तुम्ही काठावरून ओरडा नाहीतर टाळ्या वाजवा."

काय वाक्य! आणि माझा हात खिशात गेला. मेल्या, पोटची पोर समोर रडतेय आणि तू कार्ड काढतोस! अर्धं लिहून झालं तेव्हा तिनं पाहिलं.

"मी रडतेय आणि तुम्ही लिहून घेताय?"

गेली. चप्पल नीट न घालताच गेली.

मला ते लग्न मान्य होतं! तेवढी ओळ संपली की 'हो' म्हणणार होतो. एक ओळ. कोण विश्वास ठेवेल? ते कार्ड मी टाकूनही दिलं नाही. ऑफिसात दिलं. पूर्णविरामबाई 'वा' म्हणाल्या. मागच्या खंडात छापलंसुद्धा गेलं. माझ्यासारखा करंटा मीच.

गुरुवार, १३ जून

फोन केला. नाही.

शुक्रवार, १४ जून

वीस झाले. एक राहिला – दुखण्यातून सावरून अंग धरणे. दवाखान्याच्या बाकावर तासभर बसलो. सगळे खंगणारेच. सुधारतोय म्हणणारा एक माणूस भेटेना!

मग नको ते केलं. वाक्य रचलं. 'आमचे आजोबा आता हिंडूफिरू लागलेत.' मागे खोट्या शेजाऱ्याचं नाव. पूर्णविरामबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे शेजारी कधी राहायला आले तुमच्याकडे?" अठ्ठावीस वर्षांत पहिलं खोटं कार्ड, आणि तेही पचलं नाही.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "झालं. आता कामही जमत नाही. आणि पोरीला फोन करणंही आजपासून बंद. तिनं मला कधीच पुसून टाकलंय."

ती भांडी घासत होती. हातातलं पातेलं विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "कुठलं वाक्य अडलंय म्हणालात?"

सांगितलं. सवयीनं सांगितलं, एवढंच.

रविवार, १६ जून

दिवसभर पडून. जेवण जात नाही. सही करून राजीनामा द्यावा आणि मोकळं व्हावं. मोकळं होऊन तरी करायचं काय? ही सारखी आतबाहेर करत होती. काहीतरी बोलायचं असावं. मी भिंतीकडे तोंड करून राहिलो.

मंगळवार, १८ जून

सकाळी डब्याखाली एक कार्ड. बायकोचं अक्षर.

'पहिले दोन महिने नुसती काडी होती, आता कुठं बाळसं धरलंय पोरीनं.'

उलटलं. कोण बोललं – आपली लेक. कुणाशी – माझ्याशी. कुठे – फोनवर. कधी – काल दुपारी. रोजच दुपारी बोलतो आम्ही.

कार्ड सुलटं करून पुन्हा वाचलं. ही समोर उभी, पदराचा बोळा करून.

"नाव काय ठेवलं?" कसंबसं विचारलं.

"ते तिच्या आईच्या तोंडून ऐका," ती म्हणाली आणि स्वतःचा फोन माझ्या कानाला लावला. "वाजतोय."