देठासकट आलेली फळं

तिहुआना, १८ डिसेंबर

तीर्थरूप आईस,
एउलालियाचा नमस्कार, आणि आशीर्वाद मागते.

बसने पाठवलेली पेटी सुखरूप पोचली. तेखोकोतेची पिवळी फळं तीन किलो, गुळाचे आठ गोळे, उसाची मोळी. हमाली साठ पेसो. एवढा खर्च कशाला केलास गं?

काल नाताळाआधीच्या पोसादाची पाळी आमच्याकडे होती. मारिया-जोसेफच्या मूर्ती दारी आल्या, आसरा मागायची गाणी झाली आणि चाळीस माणसं तुझ्या फळांचं गरम पोंचे प्यायली. गेल्या वर्षी तुझी फळं आली नव्हती, तेव्हा शेजारच्या रेफुखिओकाकू सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "पोरी, हे पोंचे की सफरचंद धुतलेलं पाणी?" काल तिसरा पेला पुढे करून म्हणाल्या, "आईला कळव, आता मी मरायला मोकळी!" देवाची कृपा, आणि तुझी.

एक विचारते. तू नेहमी प्रत्येक फळाचा देठ खुडून पाठवतेस. या वेळी देठ तसेच होते, आणि पेटीवरचा पत्ताही दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात. देठांचं काही नाही, मी खुडले. पण तुझा हात पुन्हा धरलाय का? माझ्यापासून लपवू नकोस. रोज मारियामाउलीपुढे मेणबत्ती लावते आहे.

उलट टपाली दोनच ओळी पाठव, वाकड्यातिकड्या चालतील, पण तुझ्या हातच्या.

तुझी लेक,
एउलालिया